साडेनऊ फूट उंचीचा मानाचा बैल

सह्याद्रीतल्या कोणत्याही शिखराची उंची मला झोपेतून उठवून विचारा, फुटांत सांगेन. कळसूबाई, साल्हेर, तोरणा, पटापट. नागपूरच्या हायस्कुलात सोळा वर्षं भूगोल शिकवलाय, गंमत नाही. पण ज्या गाडीचं चाक माझ्या हातात होतं तिची उंची साडेनऊ फूट आहे, हे समोरच्या फळीवर लाल अक्षरांत लिहिलेलं असूनही ऐन वेळेला माझ्या डोक्यात आलं नाही. त्याची ही हकीकत.

गाडी माझी नव्हती, हे आधी कबूल करतो. ती माझ्या साडूंची, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. त्यांना सगळे नाना म्हणतात. लढाई संपल्यावर लष्करानं जुन्या गाड्या लिलावात काढल्या, तेव्हा नानांनी एक जखमी वाहून नेणारी गाडी घेतली आणि तिच्या सांगाड्यावर सात वर्षं खपून स्वतःच्या हातानं घर बांधलं. आत दोन बाकं, रात्री पाठ टेकायची आणि दिवसा बसायची. भिंतीला दुमडणारं मेज, स्टोव्हला कोनाडा, जाळीचं कपाट, खिडक्यांना पडदे. बाहेरून लाकडी चौकटीवर पत्रा आणि पत्र्याला साईसारखा पिवळसर रंग. टपावर हवा खेळायला एक लाकडी धुराडं. नानांनी नाव ठेवलं होतं मोटारघर.

आता एवढं करून हा माणूस त्यातून गेला कुठे? कुठेही नाही! रोज सकाळी इंजीन सुरू करायचं, दहा मिनिटं ऐकायचं, बंद करायचं, फडक्यानं पुसायचं आणि वर ताडपत्री. ओरखडा उठेल म्हणून अंगणाबाहेर काढायचं नाही. गल्लीतल्या मांजरांनासुद्धा टपावर बसायची बंदी होती.

मग मला कशी दिली? शालूमुळे. शालू म्हणजे आमची ही. तिचे आईवडील गेल्याला बरीच वर्षं झाली, भाऊ नाही, त्यामुळे कमलताईचं घर हेच तिचं माहेर. दिवाळी तिथे, आजारपण तिथे, रुसणंसुद्धा तिथेच. नानांचा तिच्यावर मुलीसारखा जीव. ती हट्टाला पेटली. "भाऊजी, हे मास्तर म्हणतात राज्यांची फेररचना होणार, नकाशे बदलणार, त्याआधी पैनगंगेपलीकडचा मुलूख एकदा बघू. चारच दिवस द्या ना गाडी."

कारण खरंच होतं. छप्पन सालच्या त्या पावसाळ्यात शाळेतला प्रत्येक नकाशा मरणपंथाला लागला होता. आम्ही तेव्हा मध्यप्रदेशात, आदिलाबाद हैदराबाद राज्यात, आणि दिवाळीच्या सुमाराला कोण कुठे जाणार हे दिल्लीत ठरत होतं. नानांनी तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी किल्ली दिली, पण माझ्या नाही, शालूच्या हातात. मला फक्त म्हणाले, "मास्तर, ओरखडा आला तर या अंगणात पाय ठेवायचा नाही. दोघांनीही."

मी हसलो. शालू हसली नाही, कारण ती नानांना ओळखते.

आदिलाबादच्या पुढे

जातानाचं फार सांगत नाही. हिंगणघाटाला चहा, पांढरकवड्याला पंक्चर, पैनगंगेवर गढूळ पाणी आणि दोन्ही काठांना अगदी सारखीच कपाशी. पलीकडे उतरलो तेव्हा मी वर्गात सांगतो तसं शालूला सांगितलं, "हे बघ, आता आपण दुसऱ्या राज्यात आलो." ती खिडकीतून बघून म्हणाली, "काय बदललं?" ज्वारी तीच, बायकांची लुगडी तीच, रस्त्यावरचे खड्डेही त्याच घराण्यातले. फक्त आदिलाबादच्या कचेरीबाहेर दरखास्ती, म्हणजे अर्ज, लिहिणारे बसले होते आणि त्यांच्या तोंडी मिसल, पेशकार, अमलदार असे निजामाच्या वेळचे शब्द होते. बाजारात भाजीवाली तिघांशी तीन भाषांत भांडत होती, आणि तिन्हींत जिंकत होती.

त्या मुक्कामी मोटारघरात शालूनं स्टोव्हवर खिचडी केली. पडदे सरकवून, मेज उघडून आम्ही जेवलो. सोळा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा आम्ही दोघंच कुठे गेलो होतो. ती म्हणाली, "भाऊजींनी ताईला एकदा तरी यातून न्यायला हवं होतं हो." मला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी गुडीहत्नूर मागे टाकलं, इचोड्याकडे निघालो. पुढे कुंतालाचा धबधबा बघायचा बेत होता. तो धबधबा मी आजतागायत पाहिलेला नाही.

दुपार टळली होती. शालूला कढी करायची लहर आली आणि ताक हवं झालं. सडकेपासून थोडं आत एक गाव दिसत होतं. त्याचं नाव सांगत नाही, कारण तिथे दोन पाटील आहेत आणि दोघेही वर्तमानपत्र वाचतात. मी गाडी गाडरस्त्याला वळवली. गावाच्या तोंडाशी ही गर्दी! ढोल वाजताहेत, फेटे बांधलेले लोक, झुली पांघरलेले, शिंगं लाल रंगवलेले बैल ओळीनं उभे. तेव्हा कुठे आठवलं, अरे, आज पोळा! सुट्टीत मास्तराला तिथी कळत नाही.

लोक आमच्याकडे बघून दोन्ही हात वर करून ओरडायला लागले.

"अहो थांबा, ते काहीतरी सांगताहेत," शालू म्हणाली.

"स्वागत करताहेत," मी म्हणालो. "खेड्यातली माणसं भोळी असतात. असली गाडी त्यांनी कधी पाहिली असेल?" आणि मीही खिडकीतून हात बाहेर काढून हलवला.

पुढचं फार पटकन झालं. टपावर खर्रर्र झालं. गाडीला मागून कोणीतरी धरल्यासारखं वाटलं. मी घाबरून ब्रेकऐवजी दुसऱ्याच पायावर जोर दिला. फटकन काहीतरी तुटलं आणि डाव्या अंगाला धाडकन एक आवाज आला. ढोलसुद्धा थांबला.

खाली उतरून पाहिलं. रस्त्यावर आडवं आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं होतं, अंबाडीच्या जाड दोराचं, एका बाजूला लिंबाला आणि दुसऱ्या बाजूला पुरलेल्या लाकडी खांबाला. टपावरच्या धुराड्यानं दोर ओढला, दोर तुटायच्या आधी खांब उपटला गेला आणि तो खांब नानांच्या मोटारघरावर आडवा झाला. कोपऱ्याची उभी चौकट मोडली होती. पत्रा हातभर फाटून बाहेर लोंबत होता आणि त्या भोकातून आतला खिडकीचा पडदा दिसत होता.

शालूनं एकदा भोकाकडे पाहिलं. "गेलं," ती म्हणाली. "माझं माहेर गेलं."

तोरण कोणाचं

गावाला मात्र पत्र्याचं काही पडलं नव्हतं. त्यांचं दुःख तोरणाचं होतं. ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याला गावातले सगळे बैल तोरणाखाली जमतात, माणसं झडत्या म्हणजे चढाओढीच्या कविता म्हणतात, पूजा होते, आणि मग मानाच्या बैलानं तोरण तोडायचं. त्यानं तोडलं की पोळा फुटला, मग बाकीच्यांनी घरी जायचं. वर्षभर शेतात राबणाऱ्या गावात हा मान म्हणजे केवढी गोष्ट! या गावात तो मान पाटलांचा, आणि पाटलांची घरं दोन. थोरल्या पातीचे केशवराव आणि धाकट्या पातीचे बळीराम. दोघांत तीन वर्षांपासून वाद. मागल्या दोन पोळ्यांना काठ्या निघालेल्या. या वर्षी कशीबशी तडजोड झाली होती की दोघांचे बैल जोडीनं चालतील. आणि मध्येच आम्ही!

"काय जी, दिसत नाई का तुमाले?" केशवराव गरजले. "आमी हात करून राह्यलो, अन् तुमी आमालेच हात करून राह्यले!"

"मले वाटलंच," बळीराम म्हणाले. "हे थोरल्यायनंच धाडले असन. आमाले मान भेटू नये म्हून."

"मी? मी काऊन धाडू? माहा बैल काय लंगडा हाये?"

झालं, आम्हाला विसरून ते एकमेकांवर धावले. बैलसुद्धा कान टवकारून बघायला लागले. तेवढ्यात गर्दीतून एक वाळका, उंच म्हातारा पुढे आला. पांढरी मिशी, कानामागे पेन्सिल. तो गावचा सुतार, नागो वाढई. तो पाटलांकडे गेला नाही, माझ्याकडेही आला नाही. तो गाडीपाशी गेला, मोडकी चौकट बोटांनी चाचपली आणि लाकडाला नाक लावून वास घेतला.

"सागवान हाये," तो म्हणाला. "बांधनाऱ्यानं जीव लावून बांधलं." मग वळून शांतपणे विचारलं, "तोरण कोनं तोडलं?"

"या गाडीनं!" सगळे ओरडले.

"मंग भांडता काऊन? तोरण ज्यानं तोडलं, मान त्याचा. तो चार पायाचा असो का चार चाकाचा. यंदाचा मानाचा बैल हाच."

मी दोन्ही पाटलांचे चेहरे बघत होतो. आपल्याला मान मिळाला नाही याचं दुःख दोघांना झालं, पण समोरच्यालाही मिळाला नाही, हे लक्षात आल्यावर दोघांचीही कळी हळूहळू खुलली.

"हर बोला हर हर महादेव!" कोणीतरी ओरडलं आणि ढोल परत सुरू झाला.

मी नागो वाढईचा हात धरला. "बाबा, ते सगळं ठीक आहे, पण ही गाडी माझी नाही. परवापर्यंत नागपूरला न्यायची आहे. आत्ताच्या आत्ता दुरुस्त करून द्या, पाया पडतो."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी अभद्रच बोललो. "सायेब, पोयाच्या दिवशी बैलाच्या आंगाले वाकस-हातोडा लावू? शिकलेले ना तुमी?"

"अहो, पण ही गाडी आहे!"

"आता नाई," तो म्हणाला.

आणि खरंच, त्या घटकेपासून ती गाडी राहिली नाही. चाकांवर पाणी घातलं. टपावर झूल चढली. दोन्ही दिव्यांना शिंगं ठरवून त्यांच्या कडांना शिंगांचा लाल हिंगूळ फासला. केशवरावांच्या मंडळींनी ओवाळलं, मग बळीरामांच्या मंडळींनी त्याहून मोठं ताट आणून ओवाळलं. पुरणपोळी आली तेव्हा अडचण झाली, कारण तोंड कुठलं यावर एकमत होईना. शेवटी पुढची जाळी हेच तोंड ठरलं आणि पोळी चांगली दाबून भरवली. त्यानंतर नागपूरपर्यंत इंजीन तापलं की गुळाचा वास येत होता.

मानाच्या बैलाला घरोघरी मिरवायचं असतं. मी चालकाच्या जागेवर चढायला लागलो तर तिघांनी मागे ओढलं. "उतरा जी! बैलाले आज काम नाई. अन् पाठीवर बसता काय?" म्हणून तीसेक माणसांनी ती दोन टनांची गाडी गल्लीगल्लीतून ढकलत नेली, प्रत्येक दारापुढे थांबवली. मीही ढकलत होतो. घामाघूम! शालू सुरुवातीला डोळे लाल करून मागून चालत होती. चौथ्या दारात एका म्हातारीनं तिच्या हातात आरतीचं ताट दिलं, "वहिनी, तुमच्या घरचा बैल हाये, तुमी पयले ओवाळा." तिनं ओवाळलं. ओवाळताना ती रडत होती की हसत होती, हे मला अजून कळलेलं नाही.

आमचं जेवण केशवरावांच्या ओसरीवर झालं आणि पाठ टेकायची सोय बळीरामांकडे, नाहीतर पुन्हा वाद. पानावर पुरणपोळी, कढी, वडे आणि अंबाडीची भाजी. ताकासाठी इतकं रामायण झालं होतं, ते ताक शेवटी कढीतून मिळालं. जेवताना मी भूगोलाचा मास्तर हे कळलं, मग प्रश्नच प्रश्न.

"मंग आमी कोन्या राज्यात जानार?" बळीरामांनी विचारलं.

"ते दिल्लीत ठरतंय."

"तुमी नकाशे शिकवता अन् तुमालेच ठाऊक नाई?" केशवराव म्हणाले. त्यावर दोन्ही पाटील तीन वर्षांत पहिल्यांदा एकत्र हसले. माझ्यावर हसले, पण हसले.

नागो वाढईचं काम

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता नागो वाढई हत्यारं घेऊन हजर. माझ्याकडे फूटपट्टी होती, मी पुढे केली. त्यानं ती पाठ खाजवायला वापरली. त्याचं सगळं माप वीत आणि बोटं. मोडलेल्या चौकटीसाठी त्यानं जुन्या बैलगाडीचं सागवान काढलं. ते असं बसवलं की सांध्यात माझं नख जाईना. फाटलेला पत्रा उलटा ठोकून सपाट केला, उरलेल्या भोकाला तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, कडा दुमडून, खिळे मारून जडवला. मधूनमधून कान लावून ठोकायचा आणि आवाज ऐकायचा. नाना इंजीन ऐकतात तसं.

काम उत्तम झालं. राहिला रंग. साईचा पिवळसर रंग त्या गावात कुठून येणार? अख्ख्या गावात एकच रंग शिल्लक होता, शिंगांचा हिंगूळ.

"नको बाबा," मी म्हणालो. "तसाच राहू द्या. लाल भडक दिसेल, लांबूनसुद्धा लपणार नाही."

"लपवाचं काऊन?" तो म्हणाला. "चोरी केली का? मान भेटला हाये त्याले." आणि त्यानं दोन हात मारलेसुद्धा.

निघताना केशवरावांनी पत्ता लिहून घेतला. परतीच्या वाटेवर शालू नागपूरपर्यंत खोटं रचत होती. "झाड पडलं म्हणू. नाही, ट्रकनं धडक दिली म्हणू. अहो, उभ्या गाडीला!" शेवटी अंगणात शिरलो तेव्हा दोघांपैकी कोणाच्याही तोंडून एकही खोटं निघेना.

नाना दारातच होते. गाडीभोवती एक फेरी मारली. लाल चौकोनापाशी थांबले. मी तोरणाचं, मानाचं, पुरणपोळीचं सगळं भडाभडा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शालूपुढे हात केला. तिनं किल्ली दिली.

"साडेनऊ फूट लिहिलं होतं," नाना म्हणाले आणि आत गेले. कमलताई दारात पदर तोंडाशी धरून उभी होती.

वर्षानंतर

दिवाळीला निरोप आला नाही. नोव्हेंबरात नकाशे बदलले. आम्ही मुंबई राज्यात आलो, ते गाव आंध्रात गेलं, आणि नानांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर असून त्या दोन्हींपेक्षा लांब गेलं. संक्रांतीला शालूनं तिळगूळ पाठवला, तो तसाच परत आला. ती संध्याकाळी भांडी घासायला बसली की नको इतकी घासायची. मला स्वतःची इतकी लाज वाटायची की वर्गात उंची सांगताना जीभ अडखळायची.

पुढच्या श्रावणात एक पोस्टकार्ड आलं. पत्त्यावर लिहिलं होतं, "मोटारघर यांस, मार्फत भूगोलाचे मास्तर, नागपूर." आत दोन ओळी होत्या. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना लोणी चोळून त्यांना जे आमंत्रण देतात, तेच: "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." खाली दोन्ही पाटलांच्या सह्या, एकाच शाईत. आणि त्याखाली, "सरहद मधात आली, पण गाडीले रस्ता ठाऊक हाये. लवकर धाडून राह्यलो, टपालाचा भरोसा नाई."

शालूनं ते दोनदा वाचलं. "हे आपलं पत्र नाही," ती म्हणाली. "ज्याचं आहे त्याला देऊन या."

गेलो. अंगणात पाय ठेवायचा नव्हता, म्हणून फाटकाबाहेरून कार्ड पुढे केलं. नानांनी चष्मा लावून वाचलं. परत वाचलं. मग ते ताडपत्रीपाशी गेले आणि ती ओढून काढली. लाल चौकोन तसाच होता. साईच्या रंगाचा डबा शेजारच्या फळीवर धूळ खात पडला होता, पण त्याचं झाकण उघडलेलं नव्हतं.

"हिंगूळ फिका पडलाय," नाना माझ्याकडे न बघता म्हणाले. "कुठल्या दुकानात मिळतो? आणि बाहेर काय उभे राहिलात, आत या. शालूला बोलवा. एवढ्या लांब दोघांनीच जायचं का मी आणि हिनं?"

पोळ्याच्या दुपारी आम्ही चौघं त्या गावाच्या तोंडाशी होतो. चाक नानांच्या हातात होतं, कमलताई खिडकीला नाक लावून बसली होती. तोरणाच्या वीस पावलं अलीकडे नानांनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि डोळे बारीक करून वर पाहिलं.

"नऊ फूट," ते म्हणाले. "लागेल."

"लागालेच पाह्यजे," नागो वाढई म्हणाला. "म्हून तर तिथं बांधलं."

नानांनी खिडकीतून हात घालून इंजीन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली, कोट कमलताईकडे दिला आणि मागे जाऊन माझ्या शेजारी गाडीला खांदा लावला.

"ढकला, मास्तर," ते म्हणाले. "बैलाले आज काम नाई."

टपावर खर्रर्र झालं. फटकन दोर तुटला, ढोल वाजायला लागले. नानांनी मान वर करून आधी तुटलेल्या तोरणाकडे पाहिलं. टपाकडे त्यांनी गावातून निघेपर्यंत पाहिलंच नाही.